धरमपेठेतील जलद श्वसनाची कार्यशाळा: बोटावर शंभर टक्के, मेंदूला किती?

नागपूरच्या धरमपेठेतील एका सभागृहात दर महिन्याला भरणाऱ्या जलद श्वसनाच्या एकदिवसीय कार्यशाळेत मी आणि माझी भाची नुकत्याच सहभागी झालो. आयोजकांचे नाव मी येथे देत नाही. याच पद्धतीच्या आणि जवळजवळ याच शब्दांत जाहिरात करणाऱ्या कार्यशाळा आता शहरात अनेक ठिकाणी भरतात, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या पद्धतीबद्दल आणि तिच्यासोबत केल्या जाणाऱ्या एका ठाम दाव्याबद्दल आहे. परिचर्या महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली असल्यामुळे तो दावा ऐकून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

दावा असा होता की भरभर आणि खोल श्वास घेतला म्हणजे मेंदूला एरवीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो, आणि म्हणून डोके हलके होते, विचार थांबतात व मन निर्मळ होते. पुरावा म्हणून काही जणांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावण्यात आला. सत्रापूर्वी ९७ किंवा ९८ दाखवणारा आकडा काही मिनिटांतच ९९ वर आणि मग १०० वर गेला, तसा सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. आकडा खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अगदी उलटा होता, कारण त्या क्षणी त्या सर्वांच्या मेंदूला एरवीपेक्षा कमी रक्त आणि म्हणून कमी ऑक्सिजन पोहोचत होता.

व्यवस्थेबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. एप्रिलच्या उन्हातही सभागृह कूलरमुळे सुसह्य होते, चटया स्वच्छ होत्या, पिण्याचे पाणी हाताशी होते, कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाला आणि ठरल्या वेळी संपला. शुल्क दीड हजार रुपये, त्यात दुपारचे जेवण धरलेले. मार्गदर्शक बोलायला मृदू आणि मनापासून काम करणारे वाटले. लोकांना फसवण्याचा हेतू मला कुठेही जाणवला नाही, आणि म्हणूनच पुढचे सगळे मी तपशिलाने लिहीत आहे.

सकाळच्या सत्रात पाठीवर झोपून, तोंडाने, न थांबता सुमारे चाळीस मिनिटे श्वास घ्यायचा होता. मिनिटाला साधारण तीस श्वास आणि प्रत्येक श्वास छाती भरून. याचा हिशेब सोपा आहे. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो, त्यातली सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकांतच राहते आणि उरलेली ३५० फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जाते. मिनिटाला १२ श्वास धरले तर वायुकोशांत ४,२०० मिलिलिटर हवा खेळते. आता श्वास एक लिटरचा आणि मिनिटाला तीस धरा. वायुकोशांतली हवा २५,५०० मिलिलिटर होते, म्हणजे सहापट. शरीर मात्र झोपून आहे आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीइतकाच, मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर तयार करीत आहे. तयार होतो त्यापेक्षा तो कितीतरी वेगाने बाहेर फेकला जातो आणि रक्तातले त्याचे प्रमाण झपाट्याने घसरते.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केलेली बरी. मार्गदर्शकांनी या पद्धतीला कपालभातीचे पुढचे रूप म्हटले. कपालभातीत झटका उच्छ्वासाला असतो आणि प्रत्येक श्वास आखूड असतो, त्यामुळे हलवलेल्या हवेचा मोठा भाग श्वासनलिकांतच ये-जा करतो. शिवाय ती थोड्या आवर्तनांत आणि मध्ये विश्रांती घेऊन केली जाते. छाती भरून, न थांबता, चाळीस मिनिटे घेतलेला श्वास हा शरीरासाठी वेगळाच प्रकार आहे. कपालभाती वर्षानुवर्षे करणाऱ्यांनी तिच्या अनुभवावरून या सत्राचा अंदाज बांधू नये.

कार्बन डायऑक्साइडकडे आपण केवळ टाकाऊ वायू म्हणून पाहतो, पण मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे नियंत्रण मोठ्या प्रमाणात त्याच्याच हाती आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी विश्रांतीत शरीर वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. त्यासाठी दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला ५० मिलिलिटर, म्हणजे प्रौढ माणसाच्या संपूर्ण मेंदूला सुमारे ७०० मिलिलिटर रक्त लागते. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या ४० मिलिमीटरइतका असतो. तो एक मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. हा वायू रक्तातून मेंदूच्या ऊतींत सहज उतरतो आणि तेथील आम्लता ठरवतो. तो कमी झाला की सूक्ष्म धमन्यांभोवतीचा द्रव अल्कधर्मी होतो, धमन्यांच्या भिंतींतले स्नायू आकसतात आणि वाट अरुंद होते. जोरजोराने श्वास घेणाऱ्या निरोगी माणसात हा दाब काही मिनिटांत २५ किंवा त्याच्याही खाली जाऊ शकतो, आणि तिथवर पोहोचेपर्यंत मेंदूच्या रक्तप्रवाहाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गेलेला असतो.

हे ज्ञान जुने आहे. अमेरिकेतील सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४५ च्या सुमारास नायट्रस ऑक्साइड वायूच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत सिद्ध केली, आणि १९४६ मध्ये निरोगी तरुणांना जलद श्वसन करायला लावून तो मोजला. प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. १९८२ मध्ये रूने आस्लिड यांनी कवटीबाहेरून ध्वनिलहरींनी मेंदूच्या धमनीतला रक्ताचा वेग मोजण्याची डॉप्लर पद्धत पुढे आणल्यापासून तर ही घट पडद्यावर प्रत्यक्ष पाहता येते. रुग्णाला श्वास वाढवायला सांगितला की अर्ध्या-एक मिनिटात वेग उतरू लागतो.

आता टाळ्या मिळवणाऱ्या त्या आकड्याकडे वळते. ऑक्सिमीटर हे उत्तम उपकरण आहे. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ते चालते, आणि कोरोनाच्या काळात त्याने किती घरांना वेळेवर सावध केले हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून जातो, आणि धमनीतल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे एवढेच ते सांगते. रक्त किती वाहते आहे हे ते सांगत नाही, आणि मेंदूबद्दल तर काहीच सांगत नाही.

ज्यांना हिशेब तपासून पाहायचा असेल त्यांनी पुढचे आकडे कागदावर मांडावेत. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ९७ टक्क्यांना सुमारे १९.५ मिलिलिटर ऑक्सिजन हिमोग्लोबिनवर असतो, तर १०० टक्क्यांना सुमारे २०.१ मिलिलिटर. फायदा अर्ध्या-पाऊण मिलिलिटरचा. मिनिटाला ७०० मिलिलिटर रक्त मेंदूत जात असताना पहिल्या हिशेबाने मेंदूला मिनिटाला सुमारे १३६ मिलिलिटर ऑक्सिजन पोहोचत होता. रक्तप्रवाह एक तृतीयांशाने घटून ४६७ वर आला, तर रक्त शंभर टक्के भरलेले असूनही पोहोचणारा ऑक्सिजन सुमारे ९४ मिलिलिटर होतो. बोटावरचा आकडा तीनने वाढला आणि मेंदूचा वाटा जवळपास तीस टक्क्यांनी घटला. भर म्हणून कोपनहेगनमध्ये क्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलेला परिणामही येथे लागू होतो: कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून ठेवते आणि ऊतींसाठी तो सोडायला कांकू करते.

मग सभागृहातले सगळे बेशुद्ध का पडले नाहीत, हा प्रश्न भाचीने मला तिथेच विचारला आणि तो रास्त आहे. मेंदूला मिनिटाला प्रत्यक्ष लागणारा ऑक्सिजन सुमारे ४५ ते ५० मिलिलिटर असतो. पुरवठा एरवी त्याच्या अडीच-पावणेतीन पट असतो, आणि तो घटला की मेंदू आलेल्या रक्तातून जास्त वाटा काढून घेतो. निरोगी माणसाकडे ही शिल्लक असते, म्हणून त्याचे डोके गरगरते, दृष्टी अंधुक होते, क्वचित भोवळ येते आणि श्वास पूर्ववत झाल्यावर थोड्याच वेळात सगळे निवळते. ज्याची शिल्लक आजाराने आधीच संपलेली आहे त्याचे काय, हा माझ्या चिंतेचा खरा विषय आहे. आमच्या शेजारच्या चटईवर एक वयस्कर गृहस्थ होते. मागच्या वर्षी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता, आणि "मेंदूला ऑक्सिजन मिळतो" हे पत्रकात वाचूनच ते आले होते. जो दावा ऐकून ते आले, त्या दाव्यामुळेच त्यांनी येथून दूर राहायला हवे होते. मी विनंती केल्यावर ते उठून खुर्चीवर बसले.

न्यूरोसर्जरीतही जलद श्वसनाचा उपयोग होतो, पण मेंदूतले रक्त कमी करण्यासाठी. कवटीतला दाब धोकादायक वाढला तर व्हेंटिलेटरचा वेग वाढवून धमन्या आकसवतात आणि थोडा वेळ मिळवतात. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत हा उपाय सरसकट आणि दीर्घकाळ वापरल्यास काही महिन्यांनंतरची प्रकृती अधिक वाईट राहते असे १९९१ च्या एका चाचणीत दिसून आले, आणि तेव्हापासून तो जपूनच वापरला जातो. अतिदक्षता विभागात ज्याला इतके जपावे लागते, ते सभागृहात पन्नास जणांकडून एकदम करून घेतले जाते.

पत्रकात मेंदूलहरींचे एक चित्रही होते. आधीच्या जलद लहरी आणि सत्रानंतरच्या संथ, उंच लहरी शेजारी शेजारी छापून खाली "खोल ध्यानाची अवस्था" असे लिहिले होते. संथ लहरी खऱ्या असतात, यात शंका नाही. मेंदूची विद्युत् क्रिया नोंदवणारा ईईजी माणसावर पहिल्यांदा घेतला तो हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. पुढे जलद श्वसनाने हा आलेख बदलतो हे लक्षात आल्यावर ते तपासणीचे ठरलेले अंग बनले. रामदासपेठेत किंवा धंतोलीत कोणत्याही ईईजी केंद्रावर जा. टेक्निशियन साधारण तीन मिनिटे भराभर श्वास घ्यायला सांगतो. आलेखावर हळूहळू थीटा आणि डेल्टा या संथ लहरी चढू लागतात, लहान मुलांत त्या विशेष ठळक असतात, आणि पोटात काही नसेल, रक्तातली साखर उतरलेली असेल, तर आणखी वाढतात. श्वास थांबवल्यावर एक-दोन मिनिटांत त्या ओसरतात. या संथपणात रक्तप्रवाहाचा वाटा किती आणि कार्बन डायऑक्साइड घटल्याने मेंदूच्या पेशींवर व त्यांच्या जाळ्यांवर होणाऱ्या थेट परिणामाचा किती, याविषयी अभ्यासकांत पूर्ण एकमत नाही. या संथ लहरींना ध्यानाची खूण मानायला मात्र आधार नाही. कोणतेही ध्यान न करता खाटेवर पहुडलेल्या दहा वर्षांच्या मुलातही त्या उमटतात.

ईईजी केंद्रावर हे का करून घेतात, हे समजले म्हणजे धोकाही समजतो. काही मुलांना क्षणभर शून्यात पाहत राहण्याची, बोलता बोलता थबकण्याची मिरगी असते. औषध सुरू नसलेल्या अशा मुलाला जलद श्वास घ्यायला लावला की बहुतेक वेळा तो झटका टेक्निशियनच्या डोळ्यांदेखत येतो आणि आलेखावर सेकंदाला तीन या गतीचे अणकुचीदार लहरींचे तुरे उमटतात. फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी या तुऱ्यांचे वर्णन १९३५ मध्येच केले. म्हणजे ज्या क्रियेने तज्ज्ञ मुद्दाम झटका आणून पाहतात, तीन मिनिटे आणि सगळी तयारी ठेवून, तीच क्रिया येथे चाळीस मिनिटे चालते.

सत्राच्या मध्यावर एका तरुणीच्या दोन्ही हातांना वांब आले. बोटे एकत्र चिकटून मनगटे आत वळली, ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या आणि ती घाबरली. एक स्वयंसेवक तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "ताई, थांबू नका, अडलेली ऊर्जा बाहेर पडते आहे." रक्त अल्कधर्मी झाले की त्यातले मुक्त कॅल्शियम प्रथिनांना अधिक चिकटते, मुक्त कॅल्शियम घटते आणि नसा व स्नायू उगाच उत्तेजित होऊ लागतात. हाताचा तो विशिष्ट आकार वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षात दाखवला जातो. अशा वेळी श्वास हळू करायचा असतो. मी तिच्याजवळ बसले, नाकाने घे, सावकाश सोड, माझ्याबरोबर सोड, असे सांगत राहिले आणि काही मिनिटांत हात सैल झाले. कोणीतरी कागदाची पिशवी पुढे केली, ती मी बाजूला ठेवली. पिशवीत श्वास घ्यायला लावणे आता योग्य मानले जात नाही, कारण धाप हृदयविकाराची किंवा दम्याची असेल तर पिशवीमुळे ऑक्सिजन आणखी कमी पडतो.

याहून गंभीर वाक्य जेवणाच्या वेळी कानावर आले. या सरावानंतर श्वास दुप्पट वेळ रोखता येतो, पोहणाऱ्यांनी करून पाहावे, असे एक मार्गदर्शक सांगत होते. श्वास जास्त वेळ रोखता येतो हे खरे आहे, कारण श्वास घेण्याची तगमग मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तोच आधी उडवून टाकलेला असतो. ऑक्सिजनचा साठा मात्र जवळपास तेवढाच असतो. पाण्याखाली तगमग होण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस कोणतीही सूचना न मिळता शुद्ध हरपतो. चांगले पोहणारेही अशा रीतीने बुडालेले आहेत. जलतरण तलावावर जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा परिच्छेद मुलांना वाचून दाखवावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

नावनोंदणीच्या फॉर्मात वय, व्यवसाय आणि "काही आजार आहे का" असा एकच मोघम प्रश्न होता. मिरगी, पक्षाघात, मेंदूतला रक्तस्राव, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, गर्भारपण, यांपैकी कशाचाही स्वतंत्र उल्लेख नव्हता. विदर्भात घेतल्या जाणाऱ्या फॉर्मात सिकलसेलचा प्रश्न नसावा याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. आपल्या भागात या आजाराचे आणि त्याच्या वाहकांचे प्रमाण मोठे आहे. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि मेडिकल व मेयो या शहरातल्या सरकारी रुग्णालयांत असे रुग्ण नित्य येतात. या आजारात मेंदूच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात, म्हणून ईईजी करतानाही अशा रुग्णांकडून जलद श्वसन करून घेऊ नये असा संकेत आहे. अनेकांना आपण वाहक आहोत हेही ठाऊक नसते.

दुपारचे सत्र मात्र मला मनापासून आवडले. नाकाने, मिनिटाला सुमारे सहा श्वास, उच्छ्वास श्वासापेक्षा लांब, मध्ये भ्रामरी. येथे श्वास संथ असल्यामुळे एकूण हवा फारशी वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड घसरत नाही आणि हृदयाची गती श्वासाच्या लयीशी जुळून खालीवर होऊ लागते. मार्गदर्शकांचा आवाज, त्यांचा संयम, एकेकाकडे जाऊन खांदे सैल करून देण्याची त्यांची पद्धत, या सगळ्याचे चीज या सत्रात होते. सकाळी ज्यांना रडू कोसळले किंवा हलके वाटले, त्यांचा अनुभव मी खोटा मानत नाही. त्या अनुभवाचे कारण त्यांना खरे सांगितले जावे आणि ज्यांच्यासाठी तो धोक्याचा आहे त्यांना दारातच थांबवले जावे, एवढेच माझे मागणे आहे.

मी आयोजकांना लेखी कळवले: फॉर्ममध्ये आजारांची नावे आणि सिकलसेलचा प्रश्न घालावा, सकाळच्या सत्राच्या वेळी डॉक्टर हजर असावा, पोहण्याबद्दलचा सल्ला बंद करावा आणि पत्रकातले ऑक्सिजनचे वाक्य काढावे. त्यांनी सौजन्याने उत्तर दिले आणि नवा फॉर्मही पाठवला, त्यात सिकलसेलचा प्रश्न आहे. पत्रकातले वाक्य हे लिहीपर्यंत तसेच आहे, म्हणून सकाळच्या सत्राची शिफारस मी करणार नाही. दुपारचे सत्र अर्ध्या शुल्कात वेगळे घेता येते. पत्रकात तशी नोंद नाही, त्यामुळे नाव नोंदवताना ते स्पष्टपणे मागून घ्यावे.